भिंगरीची ओढ

नव्या पशुसंमती कायद्याची दारं बसवायला कोल्हापूर जिल्ह्यातल्या दहा गोठ्यांची नावं चिठ्ठ्या टाकून काढली, तेव्हा सातवी चिठ्ठी गिरिजाच्याच घरची निघाली. सभागृहातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. दार तिनं बनवलेलं, कायदा यावा म्हणून सात वर्षं मोर्चे काढणाऱ्या चळवळीत ती, आणि ते दार आता बसणार कुठे, तर पंचगंगेकाठच्या तिच्या बापाच्या गोठ्यात! नशिबानं चेष्टा करावी ती तरी किती.

समितीतल्या दोघांनी हळूच सुचवलं की तिनं या गोठ्यापुरतं बाजूला व्हावं. पण मागच्या रांगेतून तिचा थोरला भाऊ बसवराज उठला. पांढरा शर्ट, कानात बाळी, गवळ्याचा भक्कम गळा.

"दुसऱ्या कुणाला धाडू नका," तो म्हणाला. "माझ्या म्हशीचा निकाल लागायचाच आसंल तर भनीच्या हातनं लागू दे."

भाऊबहीण सात वर्षं एकमेकांशी धड बोलले नव्हते. चळवळीच्या पहिल्या मोर्चात गिरिजानं हातात धरलेल्या फलकावर 'मालकी म्हणजे गुलामी' असं लिहिलं होतं, आणि तो फोटो पेपरात छापून आला होता. दुसऱ्या दिवशी दूध कट्ट्यावर, जिथे गवळी गिऱ्हाइकांसमोर धार काढून देतात तिथे, लोकांनी बसूला विचारलं होतं, "काय मालक, बहीण काय म्हणतीया?" तेव्हापासून घरात तिचं नाव निघालं की वडील, आप्पा, उठून गोठ्यात जायचे.

पशुसंमती कायदा तसा अगदी छोटा होता. ज्या प्राण्याला स्वतः उघडता येईल असं दार नाही, त्याची संमती कुणी गृहीत धरायची नाही. गोठ्याला दोन दारं हवीत, एक दावणीकडे आणि एक मोकळ्या कुरणाकडे. मालकानं रोजचं काम चालू ठेवावं, पण दारात आडवं येऊ नये. सलग तीस दिवस प्राण्याची कुरणाकडची ओढ दावणीपेक्षा दुपटीनं जास्त भरली, तर त्याच्यावरची मालकी संपली. तो कुणाचाच नाही, स्वतःचा. नदीकाठचं बारा एकर कुरण चळवळीनं त्यासाठीच मिळवलं होतं.

आणि ओढ मोजायची कशी? यात जादू काहीच नव्हती. गेल्या शतकातच प्राणिशास्त्रज्ञांनी कोंबड्यांवर एक साधा प्रयोग केला होता. कोंबडी आणि तिचं अंडी घालायचं खुराडं यांच्यामध्ये एक झडप ठेवायची आणि झडपेला वजन लावायचं. रोज वजन वाढवत न्यायचं. कोंबडी बोलत नाही, पण कशासाठी किती जोर लावते ते कळतं. भूक लागली असताना दाण्यासाठी जेवढा जोर लावते त्याहून जास्त जोर ती दुसऱ्या कशासाठी लावत असेल, तर ती गोष्ट तिला जेवणाहून प्यारी आहे. गिरिजानं यात भर घातली ती मोटरची. तिचं दार प्रत्येक जनावराला ओळखायचं, त्याच्या अंगच्या ताकदीप्रमाणे विरोध हळूहळू वाढवायचं, भूक, ऊन, सवय यांचा वाटा वजा करायचं आणि शेवटी एकच आकडा द्यायचं, तोही किलोमध्ये.

कॅमेरा मात्र लावायचा नाही, हा चळवळीचा कडक नियम होता. तो दमयंतीताई काळसेकरांचा. ताई म्हणजे चळवळीच्या आई, वय सदुसष्ट. तरुणपणी त्यांनी कुक्कुटपालन केंद्रांची कुंपणं तोडली होती, दोनदा तुरुंगात गेल्या होत्या, आणि अजूनही पायात चामडं घालत नव्हत्या. "माणसाच्या डोळ्याला जे हवं तेच दिसतं," त्या म्हणायच्या. "हजारो वर्षं आपण जनावराकडे बघत आलो आणि आपल्याला ते सुखी दिसत आलं. आता बघायचं नाही. फक्त आकडा वाचायचा." मालकाची साक्षही त्याच कारणानं बाद होती.

गिरिजाला हे शंभर टक्के पटलेलं होतं. दार बसवताना तिनं गोठ्यातल्या एकूण एक वस्तूची नोंद केली. वैरण कुठे, पाणी कुठे, पंखा कुठे, भिंतीवरचा रेडिओ कधी लागतो. कुरणाच्या दारापलीकडे, बोळात, सावलीला बसूची मोटारसायकल उभी असायची. तिच्या नोंदीत गिरिजानं 'वाहन, जुने, पेट्रोल' एवढं लिहिलं आणि पुढे गेली.

गोठ्यात सहा म्हशी. पाच जणींनी चळवळीची साफ निराशा केली. वैरणीसाठी साठ किलो, कुरणासाठी दहा-बारा. चळवळीतली तरुण मंडळी हिरमुसली. सहावी मात्र भिंगरी होती. पंढरपुरी जातीची, तलवारीसारखी लांब शिंगं, दिवाळी पाडव्याच्या म्हशींच्या मिरवणुकीत तीन वर्षं ओळीनं पहिली आलेली. बसूनं सायलेन्सर काढलेली गाडी सुरू करून हाक दिली की भर गर्दीतून ती त्याच्या मागे दौडत सुटायची, आणि दुतर्फा उभ्या लोकांच्या शिट्ट्या थांबायच्या नाहीत. रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या विजेवर गेल्या तरी बसूनं तिच्यासाठी ही एक पेट्रोलची गाडी खास परवाना काढून ठेवली होती.

त्या भिंगरीची कुरणाकडची ओढ पहिल्याच दिवशी एकशे सत्तर किलो भरली. दुसऱ्या दिवशी एकशे नव्वद.

"एकशे नव्वद!" ताई फोनवर म्हणाल्या. "गिरिजा, तुला कळतंय का? बंदिवान बोललाय. पहिल्यांदा."

गिरिजाला कळत होतं. त्या रात्री तिला आनंदानं झोप लागली नाही. मिरवणुकीतली राणी, जिच्या प्रेमाचे गोडवे सगळं शहर गातं, तीच म्हणते आहे की मला जायचंय! याहून मोठा पुरावा कुठला?

बसू मात्र हसला. "तिला कुरण न्हाई पायजे गं. दार उघडती आन् बोळात माझ्या गाडीपाशी येऊन हुबी ऱ्हाती. मी रोज बघतोय की."

"तुझं बघणं धरता येत नाही, दादा."

"व्हय, आता आमचे डोळेबी बाद!" असं म्हणून त्यानं घमेलं उचललं.

चोविसाव्या दिवशी आकडा कोसळला. एकशे नव्वदवरून अकरा. पंचविसाव्या दिवशी पुन्हा एकशे पंच्याऐंशी. सलग तीस दिवसांची अट मधेच तुटली.

दमयंतीताई दुसऱ्या दिवशी सकाळीच गिरिजाच्या कार्यशाळेत आल्या. खुर्चीवर बसल्या, पाण्याचा पेला हातात धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "एखाद्या दिवशी यंत्र बिघडू शकतं ना?"

"शकतं."

"तशी नोंद तूच करू शकतेस. यंत्रदोष असेल तर तो दिवस मोजत नाहीत. नियमच आहे तसा."

"बघते, ताई."

ती खरंच बघायला गेली. दार उघडून मोटर तपासली, काटे तपासले, स्वतः खांद्यानं ढकलून पाहिलं. दार एकदम ठीक होतं. मग त्या दिवशी वेगळं काय घडलं? आप्पा बाजेवर बसून दोर वळत होते. तिनं त्यांनाच विचारलं.

"चोविसाव्या दिशी?" आप्पांनी जरा आठवलं. "कायच न्हाई. गाडी ग्यारेजला हुती. भिंगरीनं त्या दिशी दूध चोरलं, पान्हाच सोडला न्हाई. कट्ट्यावरची गिऱ्हाइकं रिकामी गेली."

गाडी नव्हती. म्हणजे बसू सांगत होता ते खरं होतं तर! तिनं बसूला हाक मारली, गाडी बोळातून काढून गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला, दावणीच्या दाराबाहेर लावायला सांगितली. तासाभरात आकडे फिरले. कुरण नऊ, दावण एकशे अठ्ठ्याऐंशी.

बसूच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून तिला एकाच वेळी राग आला आणि बरंही वाटलं. किती वर्षांनी तिनं त्याला असं हसताना पाहिलं होतं! "सांगितलं न्हवतं?" तो म्हणाला. "जीव हाय तिचा माझ्यावर. तुमच्या कायद्याला कळायचं न्हाई."

तिनं हार मानायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिची नजर गाडीच्या मागच्या कॅरिअरवर गेली. गोणपाटात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं एक गाठोडं तिथे होतं. ते तिथे असणारच. लहानपणी शाळेत जाताना ती त्याच गाठोड्यावर बसायची, आप्पांच्या पाठीला धरून. घरातल्या उंबऱ्यासारखं ते कायम होतं. तिनं सगळ्या गोठ्याची नोंद केली, रेडिओचीसुद्धा, आणि हे मात्र तिला दिसलंच नाही.

"दादा, त्यात यंदा कुणाचं आहे?"

"कुणाचं म्हंजे? भिंगरीचंच."

पारडू मेलं की त्याचं कातडं राखून ठेवायचं, ही आप्पांची जुनी रीत. कट्ट्यावर धार काढताना ते म्हशीच्या तोंडापुढं धरायचं. म्हैस ते चाटते, पान्हा सोडते, आणि गिऱ्हाइकाच्या हातातला पेला फेसाळून भरतो. गावात नेताना गाठोडं गाडीला बांधलं की दोर लागत नाही, म्हैस आपली मागोमाग येते. आप्पांनी हे बसूला शिकवलं होतं, त्यांना त्यांच्या वडिलांनी.

"कशानं मेलं पारडू?"

"मेलं." बसू दुसरीकडे बघू लागला. "आठ दिसांचं हुतं. नर रेडकू हुतं गं."

पुढचं तिला विचारावं लागलं नाही. नर रेडकाच्या वाट्याला दूध किती येतं, हे गवळ्याच्या पोरीला कुणी सांगायला नको. गेल्या वर्षी रेडकू, त्याच्या आदल्या वर्षी रेडकू. तीन मिरवणुका. दुतर्फा लोक शिट्ट्या मारत होते आणि ती दौडत होती.

"एकदा कातडं काढून गाडी लाव," गिरिजा म्हणाली.

"कातडं काय, निमित्त हाय. तू बघच." त्यानं सुतळी सोडली, गाठोडं आप्पांच्या बाजेवर ठेवलं. गाडी बोळाच्या तोंडाशी नेली, किक मारली, आणि पाडव्याला मारतो तशी लांबलचक हाक मारली. "ये भिंगऱ्येऽऽ!"

भिंगरीनं कान हलवला. त्याच्याकडे पाहिलं आणि रवंथ करत राहिली.

त्यानं पुन्हा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली तेव्हा आवाज चिरकला. मग त्यानं गाडी बंद केली आणि तिच्यावर तसाच बसून राहिला. इतका भक्कम माणूस, पण भर दुपारी उन्हात पोरका दिसत होता. गिरिजाला त्याच्याजवळ जावंसं वाटलं. भिंगरी उठली, दोन पावलं पुढे आली आणि आप्पांच्या बाजेकडे मान लांब करून उभी राहिली. आप्पांनी गाठोडं मांडीवर ओढून घेतलं.

संध्याकाळी गिरिजानं ताईंना सगळं सांगितलं. नदीच्या घाटावर दोघी बसल्या होत्या. ताईंनी मधे एकदाही अडवलं नाही.

"मग?" शेवटी त्या म्हणाल्या. "ती दार ढकलते, हे तर खरं ना? का ढकलते हे विचारायचा आपल्याला अधिकार नाही. एखादी बाई सासरचं घर सोडते, तेव्हा आपण तिला कारणांची यादी मागतो का? कारण मागणारा नेहमी मालकच असतो, गिरिजा."

"बाई घर सोडते तेव्हा ती कुठेतरी जाते. भिंगरीला जिथे जायचंय ते कुरणात नाहीये. आपण दार उघडून देणार, ती बाहेर येणार, आणि तिथे काहीच नसणार."

"गवत असेल. पाणी असेल. खाटिक नसेल. तिला फसवून का होईना, आपण तिचं भलं करतोय."

"आप्पाही तेच म्हणतात, ताई. तिला पान्हा फुटतो, मोकळं वाटतं, भलंच होतं तिचं."

दमयंतीताईंनी मान फिरवली. त्या पाण्यात डुंबणाऱ्या म्हशींकडे बघू लागल्या. त्या दुखावल्या होत्या, हे गिरिजाला दिसत होतं, आणि तिलाही वाईट वाटत होतं. या बाईनं तिला विचार करायला शिकवलं होतं.

"एक यंत्रदोष," ताई म्हणाल्या. "एका सहीत एक जीव मोकळा. देशातला पहिला. पुढच्या दहा हजार गोठ्यांचा रस्ता त्यानं उघडेल. हे सगळं तू एका कातड्यापायी सोडणार?"

"दार मी बनवलंय. ते खरं बोललं. त्याला खोटं पाडणारी पहिली मीच कशी होऊ?"

"सही तुझी आहे," ताई उठत म्हणाल्या. "मी तुझा हात धरणार नाही."

एकतिसाव्या दिवशी गिरिजानं समितीपुढे अहवाल वाचला. चोविसाव्या दिवशी यंत्र बरोबर होतं. म्हशीची ओढ कुरणाकडे नाही, मालकाकडे नाही, दावणीकडेही नाही. तिची ओढ तिच्या मेलेल्या पारडाकडे आहे. यापुढच्या प्रत्येक गोठ्यात आईच्या आणि पारडाच्या मधे एक दार हवं, आणि ते आईला उघडता यायला हवं. अशा दाराची नोंद कायद्यात नाही, ही माझी चूक आहे.

सभागृहात कुणीतरी "गद्दार" म्हणालं. गवळ्यांच्या रांगेतून टाळ्या पडल्या, पण त्याही लवकरच थांबल्या, कारण आईजवळ पारडू राहिलं तर कट्ट्यावर दूध किती उरेल याचा हिशेब त्यांना समितीच्या आधी जमला. भिंगरी कायद्याप्रमाणे बसवराज औरवाड्यांच्याच मालकीची राहिली.

अडीच आठवडे गेले. गिरिजा कार्यशाळेत एका मोटरला तेल घालत होती, तेव्हा बसू दारात येऊन उभा राहिला. चप्पल बाहेर काढली. या जागेत तो कधीच आला नव्हता.

"आटली," तो म्हणाला.

"काय?"

"भिंगरी. कातडं परत बांधलंच न्हाई मी. आप्पांनी नदीकाठी पुरलं. तवापासनं पान्हाच सोडंना. खाटकाचा व्यापारी दोनदा येऊन गेला. तिला तुमच्या कुरणात घ्या."

"घेता येत नाही रे. तिथे फक्त स्वतःचे झालेले प्राणी राहतात. ती तुझी आहे."

"मग मी सोडतो की मालकी. ती सोडायला किती किलो लागत्यात?"

तो थट्टा करत नव्हता. गिरिजानं कपाटातून कायद्याचा फॉर्म काढला आणि दोघं तो वाचत बसले. प्राण्यानं मालकाला सोडण्यासाठी चार पानं होती. मालकानं प्राण्याला सोडण्यासाठी एक ओळसुद्धा नव्हती. हा कायदा लिहिणाऱ्यांपैकी एकालाही तशी गरज पडेल असं वाटलं नव्हतं, आणि लिहिणाऱ्यांत ती स्वतः होती.

शेवटी तिनं चौथ्या पानाच्या खाली पेनानं एक ओळ लिहिली, आणि बसूनं तिच्याखाली मोठ्या, गोल अक्षरांत नाव लिहिलं. कुरणाच्या वतीनं लागणाऱ्या दुसऱ्या सहीसाठी ती ताईंकडे गेली. इतक्या दिवसांत दोघी भेटल्या नव्हत्या. ताईंनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली.

"हे बेकायदेशीर आहे," त्या म्हणाल्या.

"हो."

"कुंपणं तोडली तीही बेकायदेशीरच होती." त्यांनी सही केली, आणि विचारलं, "तो आपणहून आला?"

"आपणहून."

ताईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिरिजानं दोन्ही दारांची मोटर बंद केली. वजन काढलं. आता बोटानं ढकललं तरी दार उघडलं असतं. बसूनं भिंगरीच्या गळ्यातली साखळी सोडली, घंटा सोडली, पाडव्याला शिंगांना बांधलेला रेशमी गोंडा उरला होता तोही सोडला, आणि मागे सरून आप्पांच्या शेजारी बाजेवर बसला. ताई बोळाच्या तोंडाशी उभ्या होत्या.

भिंगरी दोन्ही दारांच्या मधे उभी होती. तिनं एक दार हुंगलं, मग दुसरं. मग परत जागेवर येऊन उभी राहिली. वेळ जात होता. ऊन अंगणात आलं. पलीकडे कुरणात बगळे उतरले होते.

आप्पांना राहवेना. त्यांनी तोंडाशी हात नेला आणि हाक मारायला छाती भरून घेतली. बसूनं त्यांचा हात धरून खाली घेतला.

"नगं, आप्पा," तो हळूच म्हणाला. "तिचं तिला ठरवू द्या."

मग चौघंही जागच्या जागी थांबली. भिंगरी तशीच उभी होती, आणि जन्मल्यापासून पहिल्यांदाच तिला कुणी हाक मारत नव्हतं.